निवारा केंद्रांतील पाणी व स्वच्छता

पूर, दरड, युद्ध किंवा पोटासाठीचे स्थलांतर यांमुळे घराबाहेर पडलेल्या लोकांना तात्पुरत्या वस्तीत पिण्याचे पाणी, शौचालय आणि अंग, हात व कपडे धुण्याची सोय पुरवण्याची व्यवस्था. सांगली जिल्ह्यात तिची गरज मुख्यतः कृष्णा-वारणेच्या महापुरांनी (२००५, २०१९, २०२१) पुढे आणली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असून ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळल्या, तेव्हाही वाचलेल्या कुटुंबांना गाव सोडावे लागले.

महापुरात सर्वांत आधी बंद पडतो तो नळ. नळयोजनांची जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उचलण्याची विहीर, नदीकाठी असल्याने पंप बुडतात, वीज तोडावी लागते आणि काठच्या विहिरींत गाळासह सांडपाणी उतरते. त्यामुळे सारी भिस्त टँकरवर येते. मानवतावादी मदतीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ आणि २० माणसांमागे एक शौचालय असावे. या हिशेबात जनावरे धरलेली नाहीत. पूरग्रस्त मात्र दावणीची म्हैस मागे ठेवून येत नाहीत, आणि दुभत्या म्हशीला दिवसाला ५० लिटरहून अधिक पाणी लागते; म्हणून या भागात टँकरच्या फेऱ्या केवळ माणसे मोजून ठरवल्यास त्या हमखास कमी पडतात.

टँकरचे पाणी टाकीत उतरल्यावर १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम या प्रमाणात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतात. पावडर थेट टाकीत न झोकता बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी तेवढी ओतायची असते आणि त्यानंतर अर्धा तास पाण्याला हात लावायचा नसतो. मग नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात. नळाशी ते लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असावे. पाणी गढूळ असल्यास क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटी फिरवून ते निवळावे लागते. ओलसर पोत्यात पडून राहिलेल्या टीसीएलची ताकद उतरते. पूर ओसरल्यावर विहिरींचा उपसा करून शुद्धीकरण करताना हीच जुनी पावडर घात करते.

निवारा बहुधा शाळेत असतो, आणि शाळेची शौचालये दिवसा येणाऱ्या मुलांच्या बेताने बांधलेली असतात. फिरती शौचालये आणून संख्या वाढवता येते. पण मैला उपसणारी गाडी, सफाईची पाळी आणि रात्रीचा दिवा यांची तजवीज नसेल तर दोन दिवसांत ती वापराबाहेर जातात. याचा सर्वाधिक जाच स्त्रियांना होतो. अंधारात बाहेर पडणे टाळण्यासाठी त्या पाणीच कमी पितात. म्हणून कडी लागणारे दार, स्त्रियांसाठी पुरुषांहून जास्त शौचालये, आडोशाची न्हाणी आणि वापरलेले सॅनिटरी पॅड टाकण्याची सोय या बाबी चैनीच्या नव्हेत. गॅस्ट्रो आणि कावीळ पाण्यातून पसरतात. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरा-जनावरांच्या मुताने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचा, धोका मात्र घरी परतून चिखल उपसताना वाढतो, आणि तेव्हा केंद्रे बंद झालेली असतात.

बीड व लगतच्या भागांतून दरवर्षी येणाऱ्या ऊसतोड कामगारांचे तळ हे याच प्रश्नाचे दुसरे रूप होय. हंगामाचे पाच-सहा महिने ही कुटुंबे उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, पाणी शेतातल्या मोटारीवरून भरतात आणि शौचाला बहुधा उघड्यावरच जातात. हा मुक्काम आपत्ती ठरत नसल्याने पूरग्रस्तांना मिळणारे टँकर आणि फिरती शौचालये सहसा तिथवर पोहोचत नाहीत.