बाटलीत वाइन मुरते म्हणजे नेमकं काय होतं?

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाइनबद्दल इतक्या ठासून सांगितलं जातं, की विमानतळावरून आणलेली साधीसुधी बाटली लोक शोकेसमध्ये पाच-सहा वर्षं जपून ठेवतात आणि मग पाहुण्यांसमोर उघडून तोंडघशी पडतात. जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. व्हिस्कीचं तर विचारूच नका. पिंपातून बाटलीत आली की तिचं वय थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी दहा वर्षं ठेवली तरी ती बाराचीच. लोणचं मुरतं म्हणून बरणीत घातलेलं सगळंच मुरेल असं थोडंच आहे?

मुरायला मुळात ऐवज लागतो. तो भरपूर असलेल्या वाइन स्पेनमध्ये सापडतात: तोरो, रिबेरा देल दुएरो, प्रिओरात इथल्या दाट, काळपट लाल वाइन. पहिल्या दोन ठिकाणी टेम्प्रानियो या द्राक्षाचं राज्य आहे. तोरोत त्याला ‘तिंता दे तोरो’ म्हणतात, रिबेरात ‘तिंतो फिनो’. दुएरो नदीकाठचं हे पठार समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटर उंच आहे. उन्हाळ्यात दिवसा भाजून काढणारं ऊन आणि रात्री गारठा. द्राक्षाची साल जाड होते आणि सालीत रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) ठासून भरतात. प्रिओरातमध्ये पाटीच्या काळ्या दगडावर गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्षांच्या जुन्या वेली आहेत. वेलीला फळ थोडं, पण रस घट्ट.

तोरोची तरुण वाइन पेल्यात ओतून पांढऱ्या कागदावर तिरकी धरा. मधोमध शाईसारखी काळी, कडेला लख्ख जांभळी. घोट घेतला की आधी काळ्या बेरींचा वास, मग अल्कोहोलची ऊब (१४.५-१५ टक्के इथे नवलाचे नाहीत) आणि शेवटी काजूचं बोंड चावल्यावर आवळून येतं तसं तोंड आवळतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतात. लाळेचं वंगण गेलं की जीभ खरखरीत लागते. हीच वाइन पंधरा वर्षांनी पाहिली तर कडेचा रंग विटकरी झालेला असतो, तोंड आवळणं बरंच ओसरलेलं असतं, आणि बाटलीच्या खांद्याला आतून काळपट लाल थर धरलेला असतो. अधलंमधलं सगळं रसायनशास्त्र आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी रंग. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे. लाल द्राक्षाच्या सालीत तीच असतात. पण वाइनची आम्लता (पीएच साधारण ३.५) अशी असते की त्यातले बरेचसे रेणू रंगहीन रूपात जातात. वाइन टिकावी म्हणून घातलेला सल्फर डायऑक्साइड उरलेल्यांनाही फिकट करतो. शिवाय सुटी अँथोसायनिन मुळात नाजूक. काही वर्षांत त्यांतली बहुतेक संपतात. तरीही वीस वर्षांची वाइन लालच दिसते. हा रंग कुठला?

उत्तराची सुरुवात ऑक्सिजनपासून होते. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात तो सढळपणे झिरपतो. बाटलीत मात्र बुचातून वर्षाला एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपासच. हा एवढासा ऑक्सिजन अल्कोहोलवर थेट हल्ला करत नाही. वाइनमध्ये लेशमात्र असलेल्या लोह आणि तांब्याच्या मध्यस्थीने तो आधी टॅनिनसारख्या फिनॉलना गाठतो. त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेरॉक्साइडचा बराचसा वाटा सल्फर डायऑक्साइड गिळून टाकतो. जो सुटतो तो लोहाशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा महाआक्रमक कण निर्माण करतो. हा कण समोर येईल त्याचा लचका तोडतो, आणि पाणी सोडलं तर समोर सगळ्यात जास्त काय असतं, तर अल्कोहोल. त्याचं होतं अॅसिटाल्डिहाइड.

या रेणूवर माझा विशेष लोभ आहे. पिणाऱ्याच्या यकृतात अल्कोहोल मोडताना हाच तयार होतो आणि अंगाला बाधतो. स्पेनमधल्या हेरेथच्या फिनो शेरी या वाइनला हिरव्या सफरचंदासारखा वास येतो तोही याचाच. आपल्या बाटलीत मात्र तो मध्यस्थाचं काम करतो: एका बाजूला टॅनिन, दुसऱ्या बाजूला अँथोसायनिन आणि मध्ये दोन कार्बनचा पूल. अशी बांधलेली रंगद्रव्यं सल्फर डायऑक्साइडला सहज बधत नाहीत. पूल कालांतराने तुटतातही, आणि सुटलेल्या तुकड्यांतून पायरॅनोअँथोसायनिन घडतात. त्यांचा रंग नारिंगीकडे झुकतो पण पक्का असतो. विटकरी छटा येते ती यांच्यामुळे.

आता तुरटपणा. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, जड होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते, असं वाइनच्या बहुतेक माहितीपत्रकांत छापलेलं असतं. हे अर्धवट आहे. टॅनिनची साखळी जितकी लांब, तितकी ती प्रथिनांना जास्त घट्ट धरते. नुसतंच जोडलं जात राहिलं असतं तर वाइन आणखी तुरट व्हायला हवी. प्रत्यक्षात आम्लामुळे या साखळ्या सतत तुटतही असतात. तुटलेल्या टोकाला एखादा छोटा रेणू किंवा अँथोसायनिन येऊन चिकटतं आणि साखळी तिथेच आखूड राहते. काही साखळ्यांत ऑक्सिडेशनमुळे आतल्या आतच बंध पडतात. त्या गुरफटतात आणि प्रथिनांना पकडायला त्यांचे हात मोकळे राहत नाहीत. काही खरोखरच तळाशी बसतात. खांद्यावरच्या थरात त्या असतात, आणि सोबत टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक; हे आम्ल आपल्या चिंचेतही असतं. गाळ खराब नसतो, चव मात्र कडसर लागते. म्हणून बाटली हळूच तिरकी करून वरची वाइन निवळून घ्यायची.

वासाचं थोडक्यात सांगतो. ताज्या फळाचा वास देणारी बरीच एस्टर पाण्याशी क्रिया होऊन मोडतात. डायमिथाइल सल्फाइडसारखे गंधकयुक्त रेणू वाढतात. चामडं, तंबाखू, सुकं अंजीर असं काहीबाही जाणवू लागतं. ज्याला फळाचा ताजेपणा आवडतो त्याला हे नुकसानच वाटेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

स्पॅनिश लोक हे थांबणं गिऱ्हाईकावर सोडत नाहीत. रिओखा या प्रदेशात लाल वाइनवर ‘ग्रान रेसेर्वा’ हा वरचा दर्जा लिहायचा तर एकूण ६० महिने द्यावे लागतात. त्यातले किमान २४ ओकच्या पिंपात आणि २४ बाटलीत. रिबेरातली १८६४ पासूनची वेगा सिसिलिया ही वाइनरी आपली ‘उनिको’ सुगीनंतर साधारण दहा वर्षांनी बाजारात आणते.

मुहूर्त पाहणारे फक्त आपल्याकडेच नाहीत. युरोपात चंद्राच्या पंचांगावरून वाइन चाखायचे ‘फळाचे’ (चांगले) आणि ‘मुळाचे’ (वाईट) दिवस ठरवणारे आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्यूझीलंडमधल्या १९ व्यावसायिकांना १२ वाइन दोन्ही प्रकारच्या दिवशी, कुठली ते न सांगता चाखायला दिल्या. दिवसाने काहीही फरक पडला नाही. रेड वाइन हृदयाला चांगली, हे दुसरं पंचांग. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्व्हेराट्रोल या द्रव्याच्या नावाने ते चालतं, ते एका पेल्यात बहुधा एक मिलिग्रॅमही नसतं. आणि अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे.

राहिला आपल्या हवेचा प्रश्न. हे सगळं १२-१४ अंशांना, अंधारात, बाटली आडवी ठेवून नीट घडतं. नागपूरच्या मे महिन्यात काम लवकर उरकेल असं वाटतं, पण प्रत्येक अभिक्रिया उष्णतेने सारख्याच पटीने वाढत नाही. रंग पक्का होण्याआधीच फळाचा वास शिजून मुरांब्याकडे जातो. वाइन प्रसरण पावून बूच ढकलते, आणि एकदा ते सैल झालं की मिलिग्रॅमचा हिशोब संपला. पुण्या-मुंबईतही साध्या कपाटात ठेवलेली तोरो पहिल्या उन्हाळ्याआधी उघडावी. शिवाय बूच म्हणजे शेवटी झाडाची साल, त्यामुळे प्रत्येकाची झिरप वेगळी. एकाच खोक्यातल्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या पंधरा वर्षांनी सारख्या लागल्या नाहीत, तर दुकानदाराशी भांडू नका.