बळीचे राज्य

बळीचे राज्य : मराठी लोकमानसातले शेतकऱ्यांचे कल्पित राष्ट्र. कोणत्याही नकाशात त्याची हद्द आखलेली नाही. तरी दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, ओवाळताना बायका म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ काही घरांत पहाटे केर काढून सूप वाजवतानाही हेच शब्द तोंडी असतात. या राज्याची लेखी घटना नाही. त्याचा कारभार शोधायचा तर चालीरीतींत शोधावा लागतो. पुढील उदाहरणे मुख्यतः नाशिक जिल्ह्यातली आहेत.

पुराणकथेतला बळी हा प्रल्हादाचा नातू. वामनाने तीन पावले जमीन मागितली, तिसरे पाऊल त्याच्या मस्तकावर ठेवले आणि त्याला पाताळात धाडले. केरळातही ओणमला महाबलीचे स्वागत होते. पण तिथे राजा वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो; मराठी मागणे राजाच्या भेटीचे नाही, राज्याचे आहे. या कल्पनेचा सगळा जोर त्या फरकात आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या राज्याला प्रशासन दिले. त्यांच्या मांडणीत खंडोबा आणि म्हसोबा हे बळीचे अधिकारी. म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’, सारा आणि न्याय पाहणारा. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरेलच असे नाही. पण तिने केलेले काम मोठे आहे : बांधावरचा शेंदूर फासलेला दगड एकदम एका हरवलेल्या राज्याची चौकी झाला.

पाण्याचा कायदा पाहायचा तर बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी जावे. तिथली फड पद्धत काही शतकांची आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठाले भाग. एका फडात एकच पीक, आणि एकेका खातेदाराची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी. पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने, राखण जागल्याची. पाणी कमी पडले की एखादा अख्खा फड पडीक ठेवायचा. मग तोटा एकट्याच्या माथी बसत नाही, सगळ्यांत वाटला जातो. दुष्काळाची अशी वाटणी करणारी रीत या नोंदीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

कामाचे नियम सावड आणि इर्जिक या दोन शब्दांत येतात. सावडीत आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. इर्जिकीत शेजारीपाजारी औते-बैल घेऊन एकाच्या रानात उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरीचा हिशेब नसतो.

जनावरांशी असलेले नाते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दिसते. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला धुऊन आणतात आणि खांदेमळणी करतात. वर्षभर जू घासून खांद्याची कातडी टणक, काळपट झालेली असते. तिथे हळद-तूप लावून हाताने हळूहळू चोळतात. बैल मान खाली घालून उभा राहतो, मधूनच अंग थरथरवतो. मग आमंत्रण : ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ एरवी ज्याला अरे-तुरे करून हाकायचे, त्याला या दिवशी ‘घ्या’ आणि ‘या’. आदरार्थी बहुवचन बैलालाही लागू होते, हा या राज्याचा शिष्टाचार.

सुरगाणा, पेठ या पश्चिमेकडच्या तालुक्यांत या राज्याची जुनी बोली ऐकू येते. तिथे धान्य म्हणजे कणसरी माता. नागली (नाचणी) आणि भात ही तिचीच रूपे. कोकणा समाजात तिची कथा थाळीवर गातात. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटे वरून खाली ओढत राहायची. थाळीतून घुमणारा एकसुरी नाद निघतो आणि त्यावर कथा चालते. आश्विन वद्य द्वादशीला नाशिक शहरात वसुबारस, म्हणजे गायवासराची पूजा. त्याच दिवशी या डोंगराळ भागात वाघबारस. गुराखी जमतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरे राखण्याचे मागणे मागतात. एकाच तिथीला गाय आणि तिला खाणारा वाघ, दोघांनाही मान.

हे सगळे बळीचे राज्यच होते असे मात्र मानू नये. खळ्यावर बलुतेदाराला पेंढी मिळे, पण जातीची उतरंड जागच्या जागी राही. सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) वर्षभरासाठी बांधला जाई. बाई पेरणीपासून मळणीपर्यंत राबे, जमीन तिच्या नावावर नसे. गावगाड्याच्या आठवणीने हळवे होणारे लेखन हा भाग गाळते आणि कल्पना पोकळ करून टाकते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न याच जिल्ह्यात झाले. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली कांदा आणि उसाच्या भावासाठी इथे रस्ते अडवले गेले. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करून दिला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोहोचला. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, आणि कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी ही त्यांची मुख्य मागणी होती. वामनाच्या गोष्टीत जमीन पावलांनी मोजून घेतली गेली होती. इथेही लोक पायीच निघाले होते, कित्येकांच्या तळपायांची सालपटे निघालेली होती.

आता द्राक्षाच्या पट्ट्यात बैल कमी झाले आहेत. पोळ्याला काही दारांत ट्रॅक्टरच धुऊन, हार घालून उभा असतो. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी (फळासाठी) यांवर तिथले वर्ष फिरते. पाडवा येतो तेव्हा वेली कोवळ्या फुटीवर असतात आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. ओवाळतानाचे शब्द तेच आहेत.