बर्ड ऑफ पॅरडाइज: पक्ष्याच्या वजनावर उघडणारं फूल

बर्ड ऑफ पॅरडाइजच्या फुलाची पहिली ओळख होते ती त्याच्या दिसण्यावरून. तुरा उभारलेला एखादा पक्षीच वाटतो तो. पण या फुलाचं खरं कौतुक करायचं, तर त्यावर पक्षी बसल्यावर काय घडतं ते पाहायला हवं.

आपण जिला चोच समजतो ते होडीच्या आकाराचं टणक छद, म्हणजे फुलांना झाकणारं पान. आत बरीच फुलं दाटीवाटीनं असतात आणि वरच्या चिरेतून एकामागून एक बाहेर येतात. भडक नारिंगी भाग म्हणजे तीन निदलं, पाकळ्यांच्या बाहेरची दलं. पाकळ्याही तीनच, निळ्या. त्यांतली एक अगदी छोटी, मकरंदावर झाकण घालणारी. उरलेल्या दोघी एकमेकींना जुळून बाणासारखा दांडा तयार करतात आणि पाच पुंकेसर त्यात दडलेले असतात.

मकरंदासाठी आलेला सुगरणीच्या जातीचा पक्षी या निळ्या दांड्यावर टेकतो. त्याच्या भारानं जुळलेल्या कडा फाकतात, आतले पराग उघडे पडतात आणि थेट त्याच्या पायांना चिकटतात. दांड्याच्या टोकातून चिकट कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा फुलाचा भाग, पुढे आलेली असते. पुढच्या फुलावर उतरताना पाय तिला लागले की परागण झालं! पराग वाहून नेण्याचं काम पायांकडून करून घेणारी ही रचना मला फार देखणी वाटते.

वनस्पतिशास्त्रात हिचं नाव स्ट्रेलिट्झिया रेजिनी. मूळची दक्षिण आफ्रिकेची ही वनस्पती १७७३ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचली. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी नाव ठेवलं ते जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्स घराण्यातून आलेल्या ब्रिटनच्या राणी शार्लटवरून. केळ, आलं, हळद आणि कर्दळ ही तिची दूरची भावंडं. खोड जमिनीखालीच वाढतं, वर दिसतात ती फक्त लांब देठांची पानं.

जिथे असे पक्षी नाहीत, तिथे बी हवं असेल तर सहसा माळ्यालाच हातानं पराग लावावे लागतात. फळ तडकलं की काळ्या बिया दिसतात, प्रत्येकीवर केसाळ नारिंगी झुबका. तिच्याच कुळातल्या, पांढऱ्या फुलांच्या स्ट्रेलिट्झिया निकोलाय या झाडाच्या अशाच झुबक्यांत २००९ मध्ये संशोधकांना बिलीरुबिन सापडलं. काविळीत डोळे पिवळे करणारं हेच रंगद्रव्य तोवर फक्त प्राण्यांत बनतं असा समज होता. पुढे ते रेजिनीतही आढळलं.