गोध्र्याच्या ग्रॅनाइटमधले स्फटिक कुठे बघतात?

बडोद्याहून हालोलमार्गे गोध्र्याला निघालं, की गाडीत कुणीतरी हमखास सांगतं, "हा सगळा दगड पावागडच्या ज्वालामुखीतून निघालेला." पावागड लाव्हाचा आहे हे खरं, पण तो दख्खनच्या उद्रेकांतला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोध्र्याचा ग्रॅनाइट साधारण ९५ कोटी वर्षांचा. तो लाव्हा होऊन बाहेर पडलाच नाही. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली खोलवर घुसला, तिथेच सावकाश थिजला, आणि वरचे खडक झिजून गेले तेव्हा उघडा पडला.

मग तो घुसला कसा, हे कळणार कशावरून? स्फटिकांच्या दिशेवरून. १९२०च्या दशकात जर्मनीत भूवैज्ञानिक हान्स क्लोस यांनी ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या फिकट खनिजाच्या दिशा मोजून नकाशे काढले, तेव्हापासून ही वाट रुळली. गोध्र्याबाहेरच्या एका खडकावर मी बाटलीतलं पाणी ओतलं, तेव्हा फेल्डस्पारचे बोटाच्या पेराएवढे फिकट स्फटिक उठून दिसले. बहुतेक सगळे एकाच अंगाला लांबट.

असं का होतं, हा या विषयातला माझा सर्वांत लाडका भाग. घट्ट होत आलेली शेवयांची खीर डावाने ढवळून बघा, शेवया प्रवाहाच्या दिशेने वळतात. वाहत्या शिलारसातही शेजारशेजारच्या थरांचा वेग वेगवेगळा असतो. लांबट स्फटिक प्रवाहाला आडवा असला, तर त्याचं एक टोक वेगवान थरात आणि दुसरं संथ थरात येतं, आणि तो झटकन फिरतो. प्रवाहाच्या दिशेत आला, की दोन्ही टोकं जवळजवळ एकाच थरात, म्हणून तो रेंगाळतो. जेफरी या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये याचं गणित मांडलं. रुंदीच्या तिप्पट लांब असलेला कण आडवा असताना, प्रवाहाच्या दिशेत असतानापेक्षा नऊपट वेगाने फिरतो. म्हणजे स्फटिक फिरायचे थांबत नाहीत, पण कोणत्याही क्षणी पाहिलं तर बहुतेक जण प्रवाहाच्या दिशेतच सापडतात! पुढे स्फटिकांची दाटी निम्म्याच्या वर गेली, की ते एकमेकांवर कौलांसारखे टेकून अडकतात. कौलं कुणीकडे कलली आहेत यावरून सरकण्याची दिशा कळते.

पण पुष्कळ ग्रॅनाइट डोळ्यांना एकसारखा दिसतो. तिथे चुंबकत्व कामी येतं. खडकातून अडीच सेंटिमीटर व्यासाची गोल कांडी कापायची, पण आधी तिच्यावर उत्तर दिशा आणि कल यांची खूण करायची. मग क्षीण चुंबकीय क्षेत्रात ती कोणत्या दिशेने किती सहज चुंबकित होते ते मोजायचं. कृष्णाभ्रक (काळा अभ्रक) आपल्या पत्र्याच्या पातळीत जास्त प्रतिसाद देतो, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा कण आपल्या लांबीच्या दिशेने. मोजमापातून तीन अक्षांचा एक लंबगोल मिळतो. सर्वांत मोठा अक्ष कणांची रेषा सांगतो, सर्वांत लहान अक्ष त्यांच्या पातळीला लंब असतो. दिशादिशांमधला फरक बऱ्याचदा काही टक्क्यांचाच.

ओट्याच्या ग्रॅनाइटची 'चुंबकीय ऊर्जा' अमुक दिशेला हवी असं सांगून पैसे घेणाऱ्यांना एवढंच विचारा, की खाणीत लादी कापताना उत्तरेची खूण कुणी केली होती? ती नसेल, तर त्या दगडाची मूळ दिशा आता कुणालाच सांगता येणार नाही.

एक अडचण मात्र खरीखुरी आहे. खडक थिजल्यानंतर दाबला गेला, तरी कण रांगेत येतात. म्हणून खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गारेचे (क्वार्ट्झचे) कण फितीसारखे ताणलेले आणि फेल्डस्पार तुटलेला असेल, तर दाब थिजल्यावरचा. फेल्डस्पार अखंड आणि तरीही रांगेत असेल, तर शिलारस अजून वाहता होता.

ममतानी आणि ग्रायलिंग या भूवैज्ञानिकांनी गोध्र्याच्या ग्रॅनाइटवर हेच चुंबकीय काम करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. अरवलीच्या या दक्षिण टोकाशी पृथ्वीचं कवच दाबलं जात असतानाच हा शिलारस वर चढत होता आणि थिजत होता. पावागडचा पहिला लाव्हा तेव्हा अजून ८८ कोटी वर्षं लांब होता.