दोन कोसंबी: ध. दा. आणि दा. ध.

शेजारची दहावीतली मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण दाखवायला घेऊन आली. विषय होता गोव्यातले थोर विद्वान. पहिलंच वाक्य असं: ‘डी. डी. कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. ते बौद्ध धर्माचे पंडित, गणिती आणि नाण्यांचे अभ्यासक होते.’ मी म्हटलं, ‘बाय, तू बापलेकांचं एकच माणूस केलंस.’ ती गोंधळून म्हणाली, ‘पण मामा, दोन्हीकडे डी. डी.च लिहिलंय!’

तिचं खोटं नव्हतं. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी, मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे आणि आपल्या नावामागे बापाचं नाव लावायचीही. या दोन रीती एकत्र आल्या की नावं अशी उलटसुलट होतात. त्यात रोमन लिपीत ‘ध’ही डी आणि ‘द’ही डी. पणजीला कला अकादमीत डी. डी. कोसंबी विचारमहोत्सव भरतो, तो मुलाच्या नावाने. पण नुसती आद्याक्षरं वाचणाऱ्याला ते कसं कळावं? मी तिच्या वहीत देवनागरीत लिहून दिलं: ध. दा. म्हणजे वडील, दा. ध. म्हणजे मुलगा. आपल्या लिपीत हा घोळ होतच नाही.

नावाचा घोळ असा सुटला तरी गावांचा उरतोच, कारण दोघांच्या आयुष्यात तीच तीच ठिकाणं पुन्हा येतात. काशीत वडील अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, मुलगा तिथल्याच हिंदू विद्यापीठात १९२९ ते ३१ गणित शिकवत होता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वडील १९१२ ते १८ पालीचे प्राध्यापक होते, मुलगा १९३३ ते ४५ गणिताचा. हार्वर्डला वडील ग्रंथसंपादनासाठी गेले आणि मुलगा तिथून १९२९ मध्ये पदवीधर झाला. दोघं वारलेही जून महिन्यातच. म्हणून ‘फर्ग्युसनवाले कोसंबी’ किंवा ‘हार्वर्डचे कोसंबी’ म्हणून काही उलगडत नाही. विषय आणि भाषा विचारावी लागते.

धर्मानंदांविषयी जरा सविस्तर लिहायला हवं. हा आपल्या भाषेतला लेखक, आणि गोव्यात त्यांचंच नाव कमी घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६, सांखवाळ. राज्य पोर्तुगिजांचं. शाळा मराठी चार-पाच इयत्तांपुरती झाली, मग घरच्या माडांची देखभाल. अशा तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक आलं आणि त्यात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं. साल १८९७. लहान मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने त्यांना असं झपाटलं की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेतल्याशिवाय राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि लहानगी माणिक. बाळाबाईंच्या त्या वर्षांचाही विचार करायला हवा. नवरा धर्म शोधायला गेलाय, कधी येईल ठाऊक नाही, आणि घर चालवायचं आहे.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. नेपाळात बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल म्हणून ते खूप हाल सोसून तिथे गेले आणि निराश होऊन परतले. १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महास्थविरांकडे त्यांना पाली शिकायला मिळालं. तिथे ते सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. हे सगळं त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात लिहिलंय. कुठे पैसे संपले, कुठे ताप आला, कुठे कोणी जेवू घातलं, सारं साध्या मराठीत, स्वतःला मोठं न करता.

परतल्यावर कलकत्त्याला पाली शिकवण्याची नोकरी मिळाली. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडला. आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत बुद्ध सांगायचा, हे एकच त्यांना हवं होतं. १९४० मध्ये आलेलं त्यांचं ‘भगवान बुद्ध’ आजही वाचावं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी ती पाली ग्रंथांवर घासून पाहिली आणि म्हटलं, हे पुढे रचलेलं आहे. त्यांच्या मते खरं कारण शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) आणि शेजारचं कोलिय कुळ यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. शस्त्र उचलायचं की देश सोडायचा, या पेचातून सिद्धार्थ बाहेर पडला. पाण्यावरून, वाटेवरून भाऊबंदांत पडलेली तेढ आपल्याला गावागावात ठाऊक आहे. हा बुद्ध एकदम ओळखीचा वाटतो.

१९३० मध्ये ते शिरोड्याच्या मीठ सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. हे शिरोडे वेंगुर्ल्याजवळचं, फोंडा तालुक्यातलं शिरोडा वेगळं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. गांधीजी प्रार्थनासभेत त्यांच्याविषयी आदराने बोलले.

आता दामोदर. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातच. अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेला गेले. मूळ विषय गणित. काशी, अलीगड आणि फर्ग्युसननंतर १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर मात्र पुण्यात, त्यामुळे डेक्कन क्वीनने येजा. जनुकशास्त्रात गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र आजही ‘कोसंबी’ याच नावाने वापरलं जातं. इथल्या कोसंबी नावामागे वडील शोधू नयेत.

इतिहासाकडे ते वळले तेही गणिताच्या वाटेने. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारून बनवलेली नाणी त्यांनी अतिशय नाजूक तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, चांदीचा कण कण जातो. नाण्याच्या मागच्या बाजूला वेळोवेळी तपासणीचे ठसे उमटवलेले असत. म्हणजे जितके ठसे जास्त, तितकं नाणं अधिक वर्षं फिरलेलं. दामोदरांनी ठशांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले आणि सरासरी वजन काढलं. ठसे वाढतील तसं वजन उतरत गेलेलं दिसलं. यावरून नाण्यांचा मागचापुढचा क्रम लावता आला. बाजारात चालू असलेली त्यांच्या काळची नाणी तोलूनही त्यांनी हे पडताळलं. पेढीवरचा सराफ बोटांनी ओळखतो तीच झीज त्यांनी आकड्यांत पकडली.

पुढे १९५६ चा ‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ आला आणि राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, जमीन, जात, व्यापार यांवरून इतिहास वाचायची वाट मोठी झाली. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर पायी हिंडून ते दगडी हत्यारं गोळा करत, गावदेवींची ठाणी पाहत, गुराख्यांशी बोलत. गोव्यातल्या माणसाने त्यांचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ अवश्य उघडावं. त्यात जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, गांवकरीवर एक पूर्ण लेख आहे. गांवकरी म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, पोर्तुगीज नाव कोमुनिदाद. कोमुनिदादचा झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घरात येतो हे आपल्याला माहीत, पण त्या संस्थेकडे इतिहासकाराच्या नजरेने कसं पाहायचं ते तिथे समजतं. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले.

मुलीला मी खूण सांगितली. पुस्तक मराठीत असेल आणि बुद्धाविषयी असेल तर ध. दा. इंग्रजीत असेल आणि नाणी, समाज, आकडे असतील तर दा. ध. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. ती लगेच म्हणाली, ‘बहुतेक वेळा म्हणजे? कधी चुकतं?’

चुकतं ते हार्वर्ड ओरिएंटल सीरिज या हार्वर्डच्या ग्रंथमालेच्या कपाटापाशी. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ वॉरेन नावाच्या अमेरिकी पंडिताने संपादायला घेतला होता. तो वारल्यावर काम अर्धवट राहिलं आणि ते पुरं करायला धर्मानंदांना बोलावलं गेलं. १९१० पासून त्यांनी अमेरिकेच्या खेपा घातल्या. शीर्षकपानावर नाव कोणाचं, यावरून तिथल्या प्राध्यापकाशी बिनसलं म्हणून एकदा काम टाकून परत आले, पण पुन्हा गेले आणि तडीस नेलं. ग्रंथ छापून आला १९५० मध्ये, ते जाऊन तीन वर्षं झाल्यावर. हा मालेतला ४१ वा खंड. त्याला लागूनच ४२ वा खंड, १९५७ चा: ‘सुभाषितरत्नकोश’, संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले. हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह. तो जमवणारा विद्याकर हा बंगालकडच्या जगद्दल विहारातला बौद्ध पंडित, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण आहे सुगतव्रज्या, म्हणजे बुद्धस्तुतीचे श्लोक. म्हणजे इथे बुद्ध आहे, पण कोसंबी दा. ध.