गर्दीच्या उलट धावलेली माणसं

मोठी आग लागून माणसं गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘घबराट पसरून पळापळ झाली’. वाचताना वाटतं, आगीपेक्षा माणसांच्या बावचळण्यानंच जास्त घात केला असावा. हे वाक्य मला खटकतं. ते का खटकतं हे सांगायचं तर आयरिश समुद्रातल्या आयल ऑफ मॅन या बेटावर, 2 ऑगस्ट 1973 च्या संध्याकाळी जावं लागेल.

बेटाची राजधानी डग्लस. इथला उन्हाळा पावसाळी आणि गारठ्याचा. उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड इथली कामगार-कुटुंबं बोटीनं सुट्टीला इथं यायची, पण 1960 नंतर ती विमानानं स्पेनच्या उन्हात जाऊ लागली. तेव्हा ऊनच बेटावर आणायचं ठरलं. कड्याला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून 1971 मध्ये ‘समरलँड’ नावाचं भव्य करमणूक केंद्र उभं राहिलं. खर्च सुमारे 20 लाख पौंड. आत पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, बार, मुलांचे खेळ, आणि बाहेर पाऊस असला तरी आत 27 अंशांची ऊब. समुद्राकडची भिंत आणि छत पारदर्शक, तपकिरी झाक असलेल्या तावदानांचं. ती तावदानं काचेची नव्हती. ती होती ‘ओरोग्लास’ नावाच्या ॲक्रिलिकची.

ॲक्रिलिक आपल्याला नवं नाही. दुकानांच्या चकचकीत पाट्या, मोटारीच्या मागच्या दिव्यांची लाल आवरणं, आजोबांची कवळी, सगळं त्याचंच. रसायनशास्त्रात त्याचं नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट या छोट्या रेणूंची लांबच लांब माळ. लाकूड तापलं तर त्यातला काही भाग वायू होतो आणि उरतो तो कोळसा. हा कोळशाचा थर आतल्या लाकडाला थोडा वेळ तरी वाचवतो. ॲक्रिलिकचं तसं नाही. साधारण 100 अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. तीनशेच्या पुढं गेलं की माळेची गाठ सुटावी आणि मणी एकामागून एक घरंगळावेत तसे मूळ रेणू सुटे होतात. ते ज्वालाग्राही वाफेच्या रूपात बाहेर पडतात आणि जळतात. मागं कोळसा नाही, राख नाही. जवळजवळ सगळा पदार्थच इंधन होतो, आणि वितळलेले पेटते थेंब खाली ठिबकत राहतात.

मग असा पदार्थ भिंतीला कसा चालला? बांधकामाच्या स्थानिक नियमांनुसार बाहेरची भिंत न जळणारी आणि दोन तास आग सोसणारी असायला हवी होती. समरलँडला या नियमातून सूट दिली गेली. युक्तिवाद असा होता की आग लागलीच तर तावदानं पेटण्याआधीच मऊ होऊन चौकटीतून गळून पडतील, आणि त्या भगदाडांतून धूर आणि उष्णता बाहेर जाईल. तावदानापुरतं पाहिलं तर हे अगदीच चुकीचं नव्हतं. पण मंद आच लागलेलं तावदान आणि पेटत्या भिंतीची मोठी ज्वाळा एकदम अंगावर आलेलं तावदान यांत फार फरक असतो. पहिल्याला गळून पडायला वेळ मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही.

त्या संध्याकाळी इमारतीत सुमारे 3,000 माणसं होती. बाहेर गच्चीवर, छोट्या गोल्फच्या मैदानाजवळ, एक मोडकी टपरी भिंतीला लागून पडून होती. तिथं तीन मुलं सिगारेट ओढत होती आणि टपरी पेटली. एवढ्यानं इमारत जाऊ नये. पण टपरी टेकली होती त्या बाजूची भिंत ओरोग्लासचीही नव्हती आणि काँक्रीटचीही नव्हती. बाहेरून डांबर आणि प्लास्टिकचा लेप दिलेला ‘गॅलबेस्टॉस’ नावाचा पोलादी पत्रा, आतून जळणाऱ्या तंतूंच्या फळ्या, आणि दोन्हींच्या मधे पोकळी.

या पोकळीवर थोडं थांबावंसं वाटतं. अरुंद, उभी पोकळी म्हणजे धुराडंच. गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा खेचली जाते आणि समोरासमोरच्या दोन पेटत्या पृष्ठभागांची उष्णता एकमेकांवरच पडत राहते. चुलीतलं एकटं लाकूड विझतं आणि दोन लाकडं जवळ सारली की धडाडून पेटतात, ते याच कारणानं. समरलँडमध्ये ही आग भिंतीच्या पोटात वाढत राहिली आणि आतल्या माणसांना ती दिसलीच नाही. फोडून आत आली तेव्हा ती ठिणगी उरली नव्हती, ज्वाळांचा लोट झाला होता. त्याच्या माथ्यावर ओरोग्लासची भिंत होती आणि तिच्यावर छत. पुढचं काम काही मिनिटांचंच होतं. आत मजल्यांमधे बंदिस्त भिंती नव्हत्या. सगळं एकमेकांत उघडं, कारण मोकळं, हवेशीर वाटायला हवं होतं. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 माणसं गेली, तिथंही बाहेरच्या ज्वलनशील आवरणामागं अशीच पोकळी होती. मधे 44 वर्षं गेली होती.

समरलँडमध्ये 50 जण मृत्युमुखी पडले. इमारतभर पोचेल असा इशारा वेळेवर दिला गेला नाही. बाहेर पडण्याचे काही दरवाजे कुलूपबंद होते. अग्निशमन दलाला खबर मिळेपर्यंत आठ वाजून गेले होते, आणि तीही बाहेरून: टॅक्सीच्या वायरलेसवरून आणि समुद्रावरच्या एका बोटीकडून. चौकशी आयोगाचा अहवाल 1974 मध्ये आला. त्यात कुणालाही खलनायक ठरवलेलं नाही. मानवी चुका, ओळखीपाळखीवर विसंबणं आणि एकमेकांशी नीट न बोलणं यांवर बोट ठेवलेलं आहे. मला स्वतःला हा निष्कर्ष मऊ वाटतो. नियमातून सूट देताना कागदावर सही कुणीतरी केलेलीच असते.

पण कागदांच्या त्याच ढिगाऱ्यात दुसरंही काही होतं: वाचलेल्यांचे जबाब. कोण कुठं बसलं होतं, आधी काय ऐकू आलं, मग काय केलं, कुठल्या दारानं बाहेर पडलं. काही वर्षांनी इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी या जबाबांचा अभ्यास केला. या विषयावरचा त्यांचा प्रबंध 1984 चा.

इथं शंका येणारच. एवढ्या भीतीत पाहिलेल्याची आठवण कितपत खरी? शंका रास्त आहे. भीतीत लक्षाचा झोत अरुंद होतो. मधलं लख्ख आठवतं, कडेचं पुसट होतं. वेळेचा अंदाज तर हमखास चुकतो. अमेरिकेत 2007 मध्ये एका प्रयोगात माणसांना 31 मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के जास्त लांबलेलं वाटलं. पण पडताना त्यांच्या डोळ्यांना जग काही संथ गतीनं दिसत नव्हतं, मनगटावरच्या उपकरणावर तेही तपासलं होतं. वेळ ताणली गेली ती आठवणीत. म्हणून ‘पाच मिनिटं धूर होता’ या वाक्यावर फार भार टाकू नये. ‘मी आधी खाली गेलो, मग मागं वळलो’ हे मात्र वेगळ्या प्रतीचं वाक्य आहे. तो कृतींचा क्रम आहे, आणि शेजारच्या माणसाच्या जबाबाशी तो ताडून पाहता येतो.

साइम यांनी ताडून पाहिलं तेव्हा बावचळलेली झुंड दिसली नाही, कुटुंबं दिसली. आईवडील वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये, मुलं दुसरीकडे खेळात, अशी कितीतरी घरं त्या संध्याकाळी इमारतीत विखुरलेली होती. ज्यांची माणसं जवळ नव्हती ते पहिल्याच संशयास्पद आवाजाला उठले. ज्यांचं सगळं कुटुंब एकाच टेबलाभोवती होतं ते बसून राहिले, धूर किंवा ज्वाळा दिसेपर्यंत. आपली माणसं समोर सुखरूप दिसली की मन निर्धास्त होतं, आणि तो निर्धास्तपणाच वेळ खातो. उठलेले आईबापही दाराकडे गेले नाहीत. ते मुलांच्या दिशेनं गेले, जिन्यावर येणाऱ्या गर्दीच्या उलट. बाहेरून पाहणाऱ्याला ही धक्काबुक्की दिसते आणि तो तिला घबराट म्हणतो. त्या बापाला विचारलं तर त्याच्या प्रत्येक पावलाला कारण होतं.

दारांचंही तसंच. बारमधले पाहुणे बहुतेक आत आले त्याच वाटेनं बाहेर पडू पाहत होते. आपत्कालीन दारानं गेले ते मुख्यतः तिथले कर्मचारी. ते दार त्यांच्या रोजच्या पायाखालचं होतं. जीव मुठीत धरून पळणारा माणूस सर्वांत जवळची वाट धरत नाही, तो ओळखीची वाट धरतो. हिरव्या दिव्याची पाटी टांगली की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. मॉलच्या वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला सोडून खाली खरेदीला जाणारे आपण सगळे याच हिशोबात बसतो.

आगीत माणसं घाबरत नाहीत असा याचा अर्थ नाही. भीती असतेच. पण आंधळी झुंड हे वर्णन जबाबांना लागू पडत नाही, आणि ते वापरलं की दोष कुलूप लावणाऱ्याकडून पळणाऱ्याकडे सरकतो. डग्लसमधल्या स्मारकावर 2013 पासून 50 नावं कोरलेली आहेत. त्यांच्यामागं राहिलेल्या घरांनी हा दोष वर्षानुवर्षं का वाहावा?

इमारतीतून माणसं किती वेळात बाहेर पडतील याचं गणित पूर्वी नळातून वाहणाऱ्या पाण्यासारखं मांडलं जायचं: एवढी रुंद दारं, एवढी माणसं, म्हणजे एवढी मिनिटं. आता संगणकावर प्रत्येक माणसाचा वेगळा ठिपका असतो, आणि अनेक प्रणालींत ठिपक्यांची कुटुंबंही असतात. आभासी घंटा वाजते. बरेच ठिपके काही क्षण जागेवरच थांबतात. मग गर्दी दाराकडे वाहू लागते आणि तिच्यातून दोनचार ठिपके उलट्या दिशेनं जिना चढू लागतात, तिसऱ्या मजल्यावरचा छोटा ठिपका आणायला.