थुंबाच का?

१२ ऑगस्टला विक्रम साराभाईंची जयंती आली की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: केरळातलं थुंबा विषुववृत्ताजवळ आहे, तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा अग्निबाणाला मिळतो, म्हणून त्यांनी भारताच्या पहिल्या अग्निबाण केंद्रासाठी ते गाव निवडलं. हे चूक आहे. रेटा लागतो तो उपग्रह कक्षेत सोडताना, आणि त्यासाठी पूर्वेला समुद्र हवा. थुंब्याचा समुद्र पश्चिमेला. तिथले अग्निबाण वर जाऊन काही मिनिटांत समुद्रात पडायचे, कक्षेत जायचेच नाहीत.

थुंब्याजवळून जातं ते चुंबकीय विषुववृत्त. चुंबकसूची मधोमध मोकळी टांगली तर पुण्यात तिचं उत्तर टोक खाली झुकतं. थुंब्यात ती जवळपास आडवी राहते. म्हणजे तिथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात. त्यामुळे वर जे घडतं ते मला आजही थक्क करतं. साधारण १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा उन्हाने हवेचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. तिथल्या वाऱ्यांमुळे पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र तयार होतं. ते आणि आडवं चुंबकीय क्षेत्र मिळून इलेक्ट्रॉनांना वर ढकलतात. इलेक्ट्रॉन गमावलेले जड कण, म्हणजे आयन, मात्र हवेच्या रेणूंना धडकत खालीच अडकतात. वर ऋण, खाली धन, असं नवं उभं विद्युतक्षेत्र उभं राहतं. हे क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पश्चिमेकडे पळवतं, म्हणजे विद्युतप्रवाह पूर्वेकडे! काहीशे किलोमीटर रुंदीची ही विजेची नदी मोजायला फुगा तेवढा वर पोचत नाही, उपग्रह तेवढ्या खाली टिकत नाही. उरतो अग्निबाण.

साराभाईंची पीएचडी विश्वकिरणांवरची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवरची. त्या किरणांनाही पृथ्वीचं चुंबकत्व वळवतं, त्यामुळे हा विषय त्यांच्या ओळखीचा होता. केरळच्या किनाऱ्यावर जागा शोधायला गेले ते त्यांचे सहकारी, कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. गावकऱ्यांनी आपलं चर्च दिलं, त्यातच कार्यालय थाटलं गेलं. सायकलवरून अग्निबाणाचा भाग नेतानाचा फोटो सगळे कौतुकाने पाठवतात, पण तो अग्निबाण वर काय शोधायला जायचा हे त्याखाली कोणी लिहीत नाही, याचं वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर १९६३ ला संध्याकाळी पहिला अग्निबाण सुटला. बाण अमेरिकेचा, त्यातलं सोडियम फ्रान्सचं. वेळ मुद्दाम तिन्हीसांजेची: खाली अंधारतं, पण तेवढ्या उंचीवर ऊन असतंच. त्या उन्हात सोडियमची वाफ रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांसारखी उजळली. वारा तिला ओढत, वाकवत गेला, आणि तो वारा मोजता यावा म्हणून जमिनीवरचे कॅमेरे त्या वाकड्यातिकड्या नारिंगी रेघेचे फोटो घेत राहिले.